साहेबांनी बंद केलेला शब्द

साहेबांच्या कचेरीत पंखा चालू होत नसे. तो फिरत असे. दिवा लागत असे, जीप निघत असे, बैठक भरत असे आणि कॉम्प्युटर उठत असे. ‘चालू’ हा शब्द त्या कचेरीत कुणी उच्चारायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. चुकून कुणाच्या तोंडून गेलाच, तर साहेब हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. तो दुसरा शब्द शोधेपर्यंत नजर हटवायचे नाहीत.

नवीन माणसाला हे वेड वाटायचं. जुन्यांनी त्याची करमणूक करून घेतली होती. शिपाई रामराव, जीपही तोच हाकायचा, सांगायचा, “घरी बायकोला म्हणलं टीव्ही पेटव, तर ती काडेपेटी घेऊन आली.” हेडक्लार्क काझीसाहेबांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. मेव्हण्याबद्दल बोलायची आता सोयच राहिली नाही, म्हणायचे. त्या माणसाला दुसरा कुठलाच शब्द लागू पडत नाही.

हा शब्द बंद झाला त्याच्या मुळाशी आमचं गाव आहे. म्हणून साहेबांबद्दल लिहायचं तर मला तिथूनच वाट धरावी लागते. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

साहेब दूरसंचाराच्या सरकारी कचेरीत होते. नोकरीला लागले तेव्हा घरी फोन घ्यायचा म्हणजे अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची, असा काळ होता. खांब रोवण्यापासून त्यांनी कामं केली. मग गावोगावची एक्स्चेंजं आली, एसटीडीचे पिवळे बूथ आले आणि गेले, मोबाइल आला, आणि साहेब खांबावरून उतरून टेबलाशी आले. खेड्यात इंटरनेट कसं न्यायचं, कुणाला जोडलेलं म्हणायचं, हे ठरवणारे कागद दिल्लीहून मसुदा म्हणून सगळ्या कचेऱ्यांना येत. बाकीचे अधिकारी त्यावर ‘अभिप्राय निरंक’ लिहून परत पाठवत. साहेबांनी आयुष्यात कधी निरंक लिहिलं नाही. ते पानंच्या पानं लिहीत. दिल्लीहून त्याला उत्तर येत नसे. पुढचा मसुदा आला की साहेब पुन्हा पानंच्या पानं लिहीत. ते कागद जिथं लिहिले जातात त्या खोलीत आपण बसावं, एवढी एकच इच्छा त्यांनी नोकरीभर धरली होती. तसं ते कुणापाशी बोलत नसत, पण कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

फोन उचलल्यावर ते ‘हॅलो’ म्हणत नसत. “ऐकतोय,” म्हणत. पलीकडचा माणूस पहिल्यांदा गडबडायचा. मीही गडबडलोय. ‘ऐकतोय’ म्हटल्यावर आपल्याजवळ सांगण्यासारखं काही आहे का, असा विचार मनात यायचाच.

दुसरी सवय खड्ड्यांची. त्या वर्षांत शहर भराभर वाढत होतं. चिकलठाण्याकडे, साहेब राहायचे त्या बाजूला, ज्वारीच्या रानात प्लॉटच्या खुणांचे दगड उभे राहत आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं बाल्कन्या दिसत. रस्ता केला की तो पाण्याच्या पाइपासाठी उकरायचा, बुजवला की गटारासाठी उकरायचा. कुठंही खोदाईचं मशीन दिसलं की साहेब स्कूटर उभी करून मशीनच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचे. हात वर करून ड्रायव्हरला विचारायचे, “खाली काय आहे, माहीत आहे का?” ड्रायव्हर म्हणायचा, माती आहे. साहेब म्हणायचे, “मातीत माणसं बोलायलेत. हळू घे.” एकदा एक ड्रायव्हर खरंच घाबरून खाली उतरला, त्याला वाटलं इथं कबरस्तान आहे.

घरचा लँडलाइनचा डबा बिघडला की ते शहागंजात एका जुन्या दुकानात घेऊन जात. दुकानदार चाचा प्रत्येक वेळी म्हणायचे, “साब, अब इसकू बख्श दो.” साहेब म्हणायचे, “आवाज आता है ना, चाचा? फिर?” आणि दोघं चहा पीत. त्या दुकानात मी त्यांना जसं मोकळं हसताना पाहिलं तसं कचेरीत कधी पाहिलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमचं गाव बिडकीनच्या पलीकडं, पैठण तालुक्यात. आमचं मूळ घर मेंढरांचं. माझ्या लहानपणीच मेंढरं गेली, मग दोन गाई, एक बैलजोडी आणि थोडं कोरडवाहू रान राहिलं. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर आला आणि माळावर चारा छावणी उघडली. बाबा जनावरांसोबत छावणीतच राहायला गेले. मी शहरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो.

छावणीचा नियम असा होता, की रोज संध्याकाळी किती जनावरं दावणीला आहेत त्याची हजेरी इंटरनेटवरून वर पाठवायची. हजेरी गेली तर दुसऱ्या दिवसाचा चारा मंजूर. ज्या गावात इंटरनेट नाही, त्यांना कागदावर हजेरी द्यायची सूट होती. आमच्या गावाला ती सूट नव्हती, कारण सरकारी यादीत आमच्या गावापुढं ‘चालू’ लिहिलेलं होतं. गावात मात्र इंटरनेट कुणी पाहिलं नव्हतं. छावणीचा कारकून रोज मोटारसायकलवर बिडकीनच्या दिशेनं रेंज शोधत जायचा. हजेरी कधी पोचायची, कधी नाही. नाही पोचली की दुसऱ्या दिवशी दावणीला चारा नाही. असं वारंवार झालं तर छावणीच बंद करू, अशी नोटीस आली होती. बाबांनी मला निरोप धाडला, तू शिकलेला आहेस, शहरात आहेस, जाऊन सांग.

मी गेलो. दूरसंचाराच्या कचेरीत कुठल्या टेबलाशी जायचं ते समजेना, म्हणून बराच वेळ व्हरांड्यात उभा राहिलो. शेवटी एका बाबूला सांगितलं. त्यानं यादी पाहिली आणि म्हणाला, तुमचं गाव तर चालू आहे. मी म्हटलं, नाही हो. तो म्हणाला, यादीत आहे ना पण. यादीत असताना गावात कसं नसेल, असा त्याचा चेहरा होता. मी परतच निघालो होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, “अर्धा की पूर्ण?”

वळून पाहिलं. जाड भिंगांचा चष्मा लावलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा. टंचाईमुळं साहेब प्रत्येक येणाऱ्याला असं विचारून पाणी देत, हे मला नंतर समजलं. मी घाबरून म्हणालो, अर्धा. त्यांनी अर्धा ग्लास भरून दिला आणि मी तो पिईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “ऐकतोय.”

मी सांगितलं. अडखळत सांगितलं. साहेबांनी यादी मागवली. आमच्या गावाच्या ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या ओळीवर, मग त्याखालच्या. पूर्ण पानावर तोच शब्द होता. पानाच्या तळाशी त्यांचीच सही होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि रामरावला जीप काढायला सांगितलं. मलाही सोबत घेतलं.

गावात पोचलो तर ग्रामपंचायतीच्या खोलीला कुलूप होतं. सरपंच किल्ली घेऊन आले. भिंतीवर पांढरी पेटी लावलेली होती, तिच्यात एकही दिवा लागलेला नव्हता. पेटीतून निघालेली वायर खिडकीतून बाहेर जात होती आणि रस्त्याकडेच्या एका उघड्या खड्ड्यात संपत होती. पुढं काही नव्हतंच.

साहेबांनी विचारलं, हे काय?

“काम चालू हाय की, साहेब,” सरपंच म्हणाले. “ठेकेदार म्हणला, पाऊस पडला की येतो. पाऊस नाय पडला, त्यो बी नाय आला.”

साहेबांनी ग्रामसेवकाला विचारलं, तुम्ही अहवालात काय लिहिलंत? तो म्हणाला, खरं तेच लिहिलं, ‘काम चालू’. शेजारच्या गावांनीही तेच लिहिलं होतं. मग साहेबांच्या ध्यानात आलं. कचेरीत तक्ता करताना रकाना अरुंद होता. प्रत्येक ओळीत ‘काम’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, म्हणून बाबूनं तो गाळला. राहिलं ते ‘चालू’. मुंबईत त्याचं इंग्रजी झालं तेव्हा या सगळ्या गावांत इंटरनेट व्यवस्थित सुरू असल्याची नोंद झाली. कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि गावात मात्र काहीच नव्हतं.

साहेब छावणीवर आले. तिथं चाऱ्यासाठी आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा, मोठा ढीग होता आणि ढिगावर दोन-तीन माणसं मोबाइल कानाला लावून उभी होती. आमच्या गावात रेंज यायची ती एवढ्या उंचीवरच. साहेबांनी आमच्या शेजारच्या सखूबाईंना जवळ बोलावलं. त्यांची लेक चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला होती. साहेबांनी स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, लेकीला लावा.

सखूबाईंनी फोन उलटसुलट करून पाहिला. “खालून नाय लागत, दादा. वर चढावं लागतं. आन् ढीग बी रोज खाली चाललाय.”

ढिगावरून कुणीतरी म्हणालं, “जनावरं आमची रेंज खायलेत, साहेब.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सखूबाईंना हात देऊन ढिगावर चढवलं, स्वतःही चढले, आणि लेकीशी बोलणं होईपर्यंत तिथं उभे राहिले. वाढे पायाखाली सरकत होते. पँटला चिकटलेली पाती त्यांनी झटकली नाहीत. बाबा लांबून बघत होते. नंतर मला म्हणाले, “लई येगळा माणूस हाय. पर ह्यो यादीचा कागद फाडील का?”

खरा प्रश्न तोच होता. परतताना जीपमध्ये साहेब एकच वाक्य बोलले, “सही माझीच आहे.” रामराव गाडी हळू चालवत होता. मला त्या वाक्याचा पूर्ण अर्थ तेव्हा लागला नाही. तो काझीसाहेबांनी समजावला. साहेबांचं नाव दिल्लीला धोरण ठरवणाऱ्या विभागात जायचं जवळजवळ ठरलं होतं. ठरायचं कारणच हे, की त्यांच्या हाताखालचा अख्खा जिल्हा यादीत जोडलेला दिसत होता. आता तेच उठून सांगणार, की माझी यादी चुकली.

पुढच्या दिवसांत मी कॉलेज सुटलं की कचेरीत जात असे. आमच्या गावाचं काय झालं ते विचारायला जायचो आणि बाकावर बसून राहायचो. तिथं जे दिसलं ते आठवतं तसं लिहितो.

मुंबईच्या वरिष्ठांचा फोन आला. साहेब “ऐकतोय” म्हणाले आणि बराच वेळ खरोखर ऐकतच राहिले. वरिष्ठ वाईट बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, की यादी आहे तशी राहू द्या. ठेकेदाराला पिटाळू. तीन महिन्यांत ही गावं खरोखर जोडली जातील, मग यादीही खरी होईल. कुणाचं नुकसान नाही, तुमचंही नाही. काझीसाहेबांनाही हे पटलं होतं. फोन ठेवल्यावर ते खुर्ची ओढून साहेबांसमोर बसले.

“साब, तीन महिने की तो बात है. सारी उमर दिल्ली दिल्ली करत आलात. आता दारात आलीय तर पाठ नका फिरवू.”

साहेब म्हणाले, “काझी, तीन महिन्यांत यादी खरी होईल. पण जनावरं आज संध्याकाळी खाणार आहेत ना?”

“सूट मिळवून देऊ की. फक्त त्या एका गावाला. मी बोलतो कलेक्टर कचेरीत.”

मी बाकावर बसलो होतो. आमच्या एका गावाला सूट मिळाली असती तर माझं काम झालं असतं. हे तिघांनाही माहीत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग ते काझीसाहेबांना म्हणाले, “ह्याचं गाव आलं, कारण हा आला. जिथला कुणी आला नाही, त्यांचं काय करायचं?”

काझीसाहेब उठून आपल्या टेबलाकडे गेले. थोड्या वेळानं परत आले आणि टायपिंगला कुणाला बसवू, एवढंच विचारलं.

साहेबांनी नुसतं ‘चूक झाली’ असं कळवलं नाही. त्यांनी प्रत्येक गाव फिरून पाहायचं ठरवलं. ऊन इतकं होतं, की जीपच्या दाराला हात लावता येत नसे. गावात गेलं की सरपंच चहा सांगायचे. साहेब म्हणायचे, चहा नंतर, आधी गावातल्या एखाद्या म्हातारीला बोलवा. तिनं पंचायतीतल्या इंटरनेटवरूनच स्वतः फोन लावायचा, जिच्याशी बोलायचंय तिच्याशी बोलायचं. बोलणं झालं तर गाव जोडलेलं. नाही झालं तर नाही. एका गावात म्हातारीनं सुनेच्या माहेरी फोन लावला आणि असं काही भांडण काढलं की थांबेच ना. सरपंच अवघडले. साहेब म्हणाले, “भांडू द्या. आवाज पोचतोय.” त्या गावापुढं त्यांनी ‘जोडलेलं’ लिहिलं. बहुतेक गावांपुढं त्यांना तसं लिहिता आलं नाही.

त्याच आठवड्यांत तो हुकूम निघाला. सोमवारी सकाळी बाबूनं सवयीनं विचारलं, पंखा चालू करू का, आणि साहेब म्हणाले, “हा शब्द आजपासून ह्या कचेरीत नको.” बाबूला वाटलं, त्याच्यावर राग आहे. तसं नव्हतं. रकान्यातला शब्द ज्यानं गाळला त्याला साहेबांनी एका शब्दानंही दुखावलं नाही. शब्दालाच शिक्षा केली.

दुरुस्त यादी साहेबांच्या सहीनं वर गेली. तिच्या आधारानं अनेक गावांना कागदावर हजेरी द्यायची सूट मिळाली. आमची छावणी पावसापर्यंत टिकली. बाबा चारही जनावरं घेऊन घरी आले. दिल्लीला दुसरे एक अधिकारी गेले, साहेबांहून तरुण आणि हुशार. त्यांच्या निरोपाच्या पार्टीला साहेब गेले आणि जिलेबी दोनदा मागून खाल्ली, असं रामराव सांगत होता. ते खरं असावं. साहेबांना जिलेबी आवडायची. पण त्यानंतर बरेच दिवस ते कचेरीच्या खिडकीशी उभे राहायचे आणि काझीसाहेब कुणाला आत सोडायचे नाहीत, हेही मी पाहिलंय.

मग पुन्हा मसुदा आला, साहेबांनी पुन्हा पानंच्या पानं लिहिली. या वेळी मात्र त्यात मागणी एकच होती. गाव जोडलं गेलं हे कुणी म्हणायचं, ते ठरवा. ठेकेदारानं नाही, पेटीनं नाही, आमच्यासारख्यानंही नाही. उत्तर आलं नाही. साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात वक्ते म्हणाले, की साहेबांनी आता आराम करावा, आणि साहेब पुढच्या सोमवारी मला म्हणाले, की आराम बसून होत नाही, बसलं की मसुदा सुचतो.

मागच्या वर्षी शहरात जाहीर सुनावणी झाली. नव्या नियमांवर लोकांचं म्हणणं ऐकायला दिल्लीचे अधिकारी आले होते. चिकलठाण्याला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात सभागृह घेतलेलं होतं. साहेब मला सोबत घेऊन गेले. आता मी एम.ए. करतोय, तरी अशा ठिकाणी कुठं बसावं हे मला उमगत नाही. साहेब सरळ शेवटच्या रांगेत बसले. मंचावर अध्यक्ष म्हणून तेच अधिकारी होते, जे साहेबांच्या जागी दिल्लीला गेले होते. त्यांनी साहेबांना ओळखलं आणि उठून म्हणाले, सर, तुम्ही इथं पुढं बसा. साहेब म्हणाले, “नको. आज मी जनता आहे.”

कंपन्यांचे लोक बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली. शेवटी साहेबांची पाळी आली. त्यांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी आपलं एक वाक्य सांगितलं. अध्यक्ष अदबीनं म्हणाले, “नोंद घेतली आहे, सर. धन्यवाद.” माइक धरणारी मुलगी पुढच्या माणसाकडे वळली.

साहेब उभेच राहिले.

“कशी घेतली, ते वाचून दाखवा.”

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मागं वळून पाहिलं. मला त्यांचा हात धरून खाली बसवावंसं वाटलं, आणि मी धरला नाही. अध्यक्षांनी शेजारी लिहून घेणाऱ्या तरुणाकडे पाहिलं. त्यानं वाचलं, की गावाच्या प्रतिनिधीनं खात्री केल्यावर गावाची नोंद व्हावी, अशी सूचना आली.

“प्रतिनिधी म्हणजे सरपंच,” साहेब म्हणाले. “सरपंच सही करील. मी पण केली होती. पुन्हा लिहा.”

तरुणानं पुन्हा लिहिलं आणि वाचलं. त्यात ‘लाभार्थी’ आलं होतं. साहेबांनी मान हलवली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी तरुणाकडून लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, आणि म्हणाले, “सांगा, सर. मी लिहितो.”

साहेबांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. लिहून झालं. अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं, माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“गावातल्या कुणाही माणसानं स्वतः फोन लावून, पलीकडच्या माणसाशी बोलून झाल्याशिवाय, त्या गावाची ‘जोडलेलं’ अशी नोंद करू नये.”

साहेब म्हणाले, “हां. हेच म्हणालो मी.” आणि मग खाली बसले.